डेल्टा पीएलसी: स्टार्ट सोडलं की टाइमर शून्यावर जातो, आणि के५ लावूनही हूटर अर्धा सेकंदच वाजतो

रबाळे_नाइटशिफ्ट

नमस्कार मंडळी. मी रबाळे एमआयडीसीत एका पॅकिंगच्या युनिटमध्ये मेंटेनन्सला आहे. आयटीआय वायरमन केलंय, पॅनल वायरिंग हाताला बसलंय, पण पीएलसीच्या (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) प्रोग्रॅमला पहिल्यांदाच हात लावतोय. प्रोग्रॅमचं बघणारे सर गावी गेलेत आणि काम सोमवारच्या आत हवंय.

खोक्यांचा कन्व्हेयर आहे, साधारण १२ मीटर. स्टार्टचं बटण एका टोकाला. दुसरं टोक पार्टिशनच्या पलीकडे, बटणापाशी उभं राहून ते दिसत नाही. गेल्या आठवड्यात इकडून बेल्ट चालू केला तेव्हा पलीकडे एक मावशी वाकून खाली पडलेलं खोकं उचलत होत्या. ओढणी रोलरमध्ये जाता जाता वाचली. तेव्हापासून मला नीट झोप नाही. म्हणून आता स्टार्ट दाबल्यावर आधी ५ सेकंद हूटर, मग बेल्ट, असं करायचंय.

इनपुट: एक्स० स्टार्ट, एक्स१ स्टॉप (एनसी बटण, म्हणजे न दाबता जुळलेलं, दाबलं की तुटणारं), एक्स२ इमर्जन्सी बटणाचा दुसरा कॉन्टॅक्ट, एक्स४ शेवटच्या टोकाचा फोटो सेन्सर. आउटपुट: वाय० हूटर, वाय१ कन्व्हेयरच्या कॉन्टॅक्टरचा (मोटरला सप्लाय देणारा स्विच) रिले.

आधी मी एक्स० वरून सरळ टीएमआर टी० के५ (टाइमर नंबर ०, आकडा ५) लावला, आणि टी० वरून वाय१. बटण दाबून धरलं तर बेल्ट चालतो, सोडलं की लगेच बंद. मॉनिटरला बघितलं तर टी० चा आकडा बोट काढताच शून्य. मग एक्स० ने सेट एम० (पीएलसीच्या आतला मेमरी बिट) केलं, एक्स१ ने रिसेट एम०, आणि टाइमर एम० वरून चालवला. आता बेल्ट चालू राहतो, पण हूटर नुसता ‘पीं’ करतो आणि बेल्ट सुटतो. के५ म्हणजे ५ सेकंद ना?

इमर्जन्सी कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय सरळ तोडते, त्यामुळे एक्स२ लॅडरमध्ये (प्रोग्रॅमच्या ओळींत) घेतलेला नाही.

तिसरी अडचण. सेन्सरसमोर खोकं ३ सेकंद अडकून राहिलं तर बेल्ट थांबवायचाय. एक्स४ वरून टी२ के३०, टी२ ने रिसेट एम०. हात धरून बघितलं तर बरोबर ३ सेकंदांनी थांबतो. पण खरोखर खोकी तुंबतात तेव्हा थांबतच नाही. सेन्सरचा लाल दिवा लागलेला दिसतो, तरी टी२ पूर्ण होत नाही.

महापे_ऑटोमेशन

टी० हा १०० मिलिसेकंदांचा टाइमर आहे. के५ म्हणजे ५ × ०.१ = अर्धा सेकंद. के५० कर, ५ सेकंद मिळतील. बाकीचं रात्री घरी गेल्यावर बघतो.

वागळे_पॅनलवाली

के५० चं उत्तर मिळालंच आहे. बाकीचं मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट आहे जी तू विचारलेली नाहीस आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते.

हे आधी वाच. तुझा एम० सेट केलेला आहे आणि तो फक्त स्टॉप बटणाने किंवा टी२ नेच रिसेट होतो. समज बेल्ट चालू असताना पलीकडून कोणी इमर्जन्सी मारली. कॉन्टॅक्टरचा सप्लाय गेला, बेल्ट थांबला. पण पीएलसीला काहीच कळलेलं नाही. एम० अजून चालू, टी० पूर्ण भरलेला, वाय१ चालू. आता काम झालं म्हणून कोणी इमर्जन्सीचं ते लाल मशरूम बटण फिरवून सोडलं, तर त्याच क्षणी कॉइलला सप्लाय येणार आणि बेल्ट सुटणार. हूटर नाही, स्टार्ट दाबायला नको, काही नाही. ज्याच्यासाठी इमर्जन्सी मारली तो माणूस तेव्हा बेल्टपाशीच असणार. आज रात्री बेल्ट रिकामा करून, सगळ्यांना लांब उभं करून एकदा बघ. मला खात्री आहे असंच होईल.

आता मुळापासून.

तू वायरमन आहेस, म्हणजे स्टार-डेल्टा पॅनल (मोटर टप्प्याने चालू करणारं) तुला पाठ असेल. त्यातला टाइमर आठव. ए१-ए२ ला (टाइमरच्या सप्लायची टोकं) सप्लाय मिळाला की वेळ सुरू होतो, वेळ भरला की १५-१६ हा कॉन्टॅक्ट सुटतो आणि १५-१८ जुळतो. ए१-ए२ चा सप्लाय मध्येच गेला तर टाइमर पुन्हा पहिल्यापासून. आणि तो सप्लाय टिकतो कशामुळे? मेन कॉन्टॅक्टरच्या १३-१४ च्या होल्डिंगमुळे, म्हणजे कॉन्टॅक्टर स्वतःच्याच कॉन्टॅक्टने स्वतःचा सप्लाय धरून ठेवतो. बटण तर तू कधीच सोडलेलं असतंस. मी वागळे इस्टेटमध्ये टेस्टिंगला लागले तेव्हा आमचे उस्ताद मुद्दाम होल्डिंगची वायर काढून ठेवायचे आणि पॅनल माझ्यासमोर ठेवायचे. मी अर्धा दिवस टाइमर बदलत बसले होते. टाइमर ठणठणीत होता, त्याला सप्लायच टिकत नव्हता. तुझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये अगदी हेच झालं: एक्स० हा ए१, आणि त्याला होल्डिंग नाही.

पीएलसीतला ऑन डिले टाइमर एकच प्रश्न विचारतो: ही अट इतका वेळ सलग खरी आहे का? ‘सलग’ हा शब्द डोक्यात बसव. कबड्डीतल्या चढाईसारखं आहे. दम न तोडता ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहिलास तोवर चढाई चालू. मध्ये श्वास तुटला की आतापर्यंत किती वेळ म्हटलंस त्याला काही किंमत नाही, तू बाद. टाइमरचंही तसंच. के५० पैकी ४९ मोजून झाले आणि तेव्हा अट एका स्कॅनपुरती (पीएलसीने प्रोग्रॅमची एक फेरी मारायच्या वेळापुरती) तुटली, तरी आकडा शून्य. पुन्हा अट आली की १ पासून. आकडा ५० ला पोचला की टी० चा कॉन्टॅक्ट लागतो, आणि अट टिकून आहे तोवर लागलेलाच राहतो. अट गेली की कॉन्टॅक्ट लगेच सुटतो. लागायला उशीर, सुटायला अजिबात नाही. म्हणून तो ऑन डिले.

तेव्हा टाइमरचं लॅडर लिहिताना माझ्या डोक्यात आधी हेच असतं की ह्याला सलग काय द्यायचं. सेकंद नंतर.

तुझ्या बाबतीत सलग पाहिजे ती गोष्ट म्हणजे ‘चालवायचा हुकूम’. तो एम० ठीक आहे, पण सेट-रिसेट काढ आणि कॉन्टॅक्टरचं होल्डिंग जसं वायर करतोस तसंच लिही:

एक्स० आणि एम० समांतर, त्यांच्या पुढे मालिकेत एक्स१, मग एक्स२, मग टी२ चा एनसी, शेवटी कॉइल एम०.
एम० वरून टीएमआर टी० के५०.
एम० आणि टी० चा एनसी मालिकेत, त्यावर वाय० हूटर.
टी० वरून वाय१.

एक्स१ आणि एक्स२ लॅडरमध्ये एनओ (एनसीच्या उलट, सिग्नल आला की जुळणारे) म्हणून काढायचे. बटण बाहेर एनसी आहे, त्यामुळे सगळं ठीक असताना इनपुटचा दिवा लागलेलाच असतो. वायर तुटली, लग सुटला, तरी दिवा जातो आणि एम० पडतो. पॅनलवाल्याने स्टॉप एनसी का दिला ते ह्यात आहे.

आता इमर्जन्सी मारली की एक्स२ गेला, एम० पडला, टी० शून्य झाला. मशरूम सोडल्यावर काहीच होणार नाही. परत स्टार्ट दाबावं लागेल आणि परत पूर्ण ५ सेकंद हूटर वाजेल. लाइट जाऊन आली तरीही तेच, फक्त एम० बॅटरीवर किंवा मेमरीत टिकणाऱ्या एम मधला घेऊ नकोस, साधा घे. आणि इमर्जन्सीने कॉइलचा सप्लाय सरळ तोडणं आहे तसंच राहू दे. प्रोग्रॅम त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे.

सेट-रिसेटला मी वाईट म्हणत नाही. पण सेट केलेली गोष्ट कुठल्या कुठल्या वाटेने रिसेट व्हायला हवी हे सगळं तुला आठवावं लागतं, आणि एक वाट राहिली की ती अशीच राहते, जशी तुझी इमर्जन्सीची राहिली. होल्डिंगमध्ये काहीही तुटलं की पडतं. माणूस जवळ असलेल्या मशीनला मी नेहमी होल्डिंगच देते.

आता तुंबलेली खोकी. हातानं होतं आणि खोक्यांनी होत नाही, ह्याचा अर्थ माझ्या मते एकच: तुझा हात सलग आहे, खोकी सलग नाहीत. बेल्ट खालून घासत असतो, खोकी थरथरतात, दोन खोक्यांमधली फट सेन्सरसमोर येते आणि जाते. खोक्यावरची चिकटपट्टी चकचकीत असेल आणि सेन्सर समोर आरसा असलेला असेल, तर पट्टीवरूनच प्रकाश परत येतो आणि सेन्सरला वाटतं समोर काही नाही. हे २०-३० मिलिसेकंद होतं. दिवा तुझ्या डोळ्याला लागलेलाच दिसतो. इनपुटचा फिल्टर साधारण १० मिलिसेकंदांचा असतो, त्याच्याहून लांब तुटलं की पीएलसीला ते दिसतं आणि टी२ शून्य.

माझं ऐकू नकोस, मोजून बघ. एक्स४ वरून एक काउंटर सी० टाक, मोठा आकडा देऊन. खोकी मुद्दाम तुंबव आणि मॉनिटरला सी० कडे बघ. सेन्सरसमोर एकच खोकं अडकलंय असं वाटत असताना आकडा वाढत असेल, तर दम तुटतोय.

उपाय: आधी सेन्सर थोडा तिरका करून बघ, चिकटपट्टीचं बरंच तिथेच सुटतं. उरलेलं लॅडरमध्ये. फट छोटी असेल तर ती भरून काढायची, म्हणजे ऑफ डिले (सुटायला उशीर) हवा. तुझ्याकडे टीएमआर ऑन डिलेच आहे, पण तोच उलटा लावला की ऑफ डिले होतो:

एक्स४ चा एनसी, त्यावर टीएमआर टी१ के३.
एक्स४ आणि एम४ समांतर, पुढे टी१ चा एनसी, कॉइल एम४.
एम४ वरून टीएमआर टी२ के३०.

इथे दम धरतोय तो रिकामेपणा. सेन्सरसमोर ०.३ सेकंद सलग रिकामं राहिलं तरच एम४ पडतो. त्याहून छोटी फट एम४ ला कळतच नाही.

हे ०.३ मनाला येईल तेवढं वाढवायचं नाही. तुझ्या बेल्टचा वेग आणि खोक्याची लांबी मला माहीत नाही, म्हणून उदाहरण घेते: बेल्ट सेकंदाला ३० सेंटिमीटर, खोकं ४० सेंटिमीटर, दोन खोक्यांत २० सेंटिमीटर जागा. खोकं सेन्सरसमोरून जायला १.३ सेकंद, मोकळी जागा ०.६७ सेकंद. टी१ जर ०.६७ च्या वर गेला तर नीट चाललेली खोकीसुद्धा एकच लांबलचक खोकं दिसतील आणि दर ३ सेकंदांनी बेल्ट थांबेल. आणि टी२ हा १.३ अधिक टी१ ह्याच्या चांगला वर हवा. स्टॉपवॉच घेऊन तुझे आकडे काढ.

इमर्जन्सीची चाचणी मात्र आजच कर.

तळोजा_इन्स्ट्रुमेंट

ताईंनी लिहिलंय ते टाकीवरच्या फ्लोटलाही तसंच लागू आहे. आमच्याकडे ढवळणी चालू असली की पाणी हिंदकळतं, फ्लोट खालीवर, आणि पंपाचा कॉन्टॅक्टर खडखडत राहायचा. लो लेव्हलला ३ सेकंदांचा ऑन डिले लावला, आवाज बंद. पण एक मोजून घ्यावं लागलं: तो ३ सेकंदांचा उशीर होईपर्यंत टाकी किती उतरते. ड्राय रनच्या (पंप कोरडा चालण्याच्या) संरक्षणाला असा आरामात उशीर देता येत नाही, सील जळतं.

महापे_ऑटोमेशन

घरी आलो. ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त आकड्यांचं जोडतो, कारण रबाळेवाला उद्या दुसऱ्या कंपनीत गेला की हीच चूक परत होईल.

के५० म्हणजे ५ सेकंद हे त्या टाइमरच्या नंबरावर आहे. मित्सुबिशी एफएक्समध्ये टी० ते टी१९९ हे १०० मिलिसेकंदांचे, टी२०० ते टी२४५ हे १० मिलिसेकंदांचे. तोच के५० टी२०० ला दिलास तर अर्धा सेकंद. डेल्टात सुद्धा नंबराप्रमाणे गट आहेत, तुझ्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून तक्ता बघ, मॉडेल बदललं की गट बदलतात. ओमरॉनचा साधा टीआयएम ०.१ सेकंदाचा, पण तो वरून खाली मोजतो. #५० दिला की ५० वरून शून्यावर येतो आणि मग कॉन्टॅक्ट. मॉनिटरला उतरता आकडा बघून नवीन माणूस गोंधळतो. अ‍ॅलन ब्रॅडलीच्या लॉजिक्समध्ये प्रीसेट मिलिसेकंदांत, म्हणजे ५००० लिहायचे. तिथे टॉनला (त्यांचा ऑन डिले टाइमर) तीन बिट दिसतात: ईएन म्हणजे अट आहे, टीटी म्हणजे मोजणं चालू आहे, डीएन म्हणजे झालं. तुझ्या हूटरला तिथे सरळ टीटी लावला की झालं. सीमेन्सच्या १२०० मध्ये टी#५एस असंच लिहायचं, तिथे वेळ वेळेसारखाच दिसतो: आयएन (अट), पीटी (ठरलेला वेळ), क्यू (कॉन्टॅक्ट), ईटी (झालेला वेळ). आयईसी ६११३१-३ ह्या मानकातला टॉन तोच.

आणि के ला ३२७६७ च्या वर जाता येत नाही. १०० मिलिसेकंदांच्या टाइमरला म्हणजे ३२७६.७ सेकंद, ५५ मिनिटंसुद्धा नाहीत. तासांचं काम असेल तर टाइमर आणि काउंटर जोडून करायचं.

माझा एक अनुभव सांगतो. सीमेन्स १२०० वर एका मशीनला दोन व्हॉल्व्ह होते, दोघांना वेगवेगळा उशीर. मी पहिल्याचा टॉन कॉपी करून दुसऱ्याला पेस्ट केला, पीटी बदलला, आणि खालचा इन्स्टन्स डीबी (टाइमर आपलं मोजणं जिथे ठेवतो ती मेमरी) तोच राहिला. दोन्ही टाइमर एकाच वहीत लिहीत होते. एकाची अट गेली की दुसऱ्याचं मोजणं पुसलं जायचं. कधी नीट चालायचं, कधी नाही, आणि मी दोन दिवस व्हॉल्व्हची कॉइल बदलत होतो. तुझ्या डेल्टात ही चूक म्हणजे टी० दोन ठिकाणी वापरणं. क्रॉस रेफरन्स एकदा काढून बघ, टी०, टी१, टी२ जुन्या प्रोग्रॅममध्ये आधीच कुठे वापरलेले नाहीत ना.

रबाळे_नाइटशिफ्ट

ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. रात्री दीड वाजता बेल्ट रिकामा केला, दोघांना दोन्ही टोकांना उभं केलं, बेल्ट चालू असताना इमर्जन्सी मारली आणि सोडली. बेल्ट लगेच सुटला, हूटर नाही. पलीकडच्या टोकाला उभा असलेला हेल्पर मागे उडालाच. मी हाच प्रोग्रॅम दोन दिवस चालवत होतो. लगेच एक्स२ घेऊन होल्डिंगचं लॅडर टाकलं. आता इमर्जन्सी सोडली तरी शांत, स्टार्ट दाबलं की ५ सेकंद हूटर आणि मग बेल्ट. सात-आठ वेळा करून बघितलं.

महापेवाले सर, टी२ जुन्या प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी खरंच होता, लेबल प्रिंटरच्या उशिराला. माझा टी२ मी टी१२ केला, आणि टी१ चा टी११. खाली सगळीकडे तेच लिहितोय.

सी० लावून खोकी तुंबवली. एका मिनिटात आकडा १४ ने वाढला, आणि मी समोर उभा राहून बघत होतो तेव्हा दिवा एकदाही विझलेला दिसला नाही. सेन्सर तिरका केल्यावर ५ वर आला. मग टी११ के३ चं लॅडर टाकलं. तुंबल्यावर आता थांबतो.

पण नवीन भानगड झाली. स्टॉप दाबून बेल्ट थांबवला आणि नेमकं खोकं सेन्सरसमोर राहिलं, तर ३ सेकंदांनी टी१२ लागतो आणि मग स्टार्ट घेतच नाही. खोकं हाताने बाजूला केल्यावरच घेतो. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रत्येक वेळी असं झालं तर ऑपरेटर वैतागतील आणि सेन्सरला फसवायची काहीतरी युक्ती काढतील, मला माहीत आहे.

तळोजा_इन्स्ट्रुमेंट

टी१२ च्या लाइनमध्ये एम४ च्या पुढे वाय१ चा एनओ टाक. बेल्ट चालतोय आणि तरी खोकं हलत नाही, तर ते तुंबलंय. बेल्टच थांबलेला असताना खोकं समोर आहे, तर ते नुसतं उभं आहे. तुझ्या टाइमरला हा फरक सांगायचा राहिला होता.

वागळे_पॅनलवाली

बरोबर, तळोजा. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, आली नाही. सलग काय द्यायचं हे मीच लिहिलं, आणि ‘बेल्ट चालू असताना’ हा अर्धा भाग मीच सोडला.

फक्त रबाळे, एक बघ. वाय१ घातल्यावर तुंबून बेल्ट थांबला की वाय१ जाणार, म्हणजे टी१२ पण लगेच शून्य. टी१२ चा कॉन्टॅक्ट फार तर एखाद्या स्कॅनपुरता लागेल. एम० पाडायला तेवढा पुरतो, पण मॉनिटरला तो तुला दिसणार नाही, आणि ऑपरेटरला बेल्ट का थांबला ते कळणार नाही. म्हणून टी१२ वरून एक एम६ होल्ड कर आणि त्यावर पिवळा दिवा लाव, पुढचा स्टार्ट दाबेपर्यंत लागलेला राहू दे. दिवा नुसता सांगण्यासाठी आहे, त्याने काही अडवू नकोस.

टी१२ ची लाइन एम० च्या लाइनच्या वर आहे की खाली, त्याची चिंता करू नकोस. पीएलसी इनपुट वाचतो, वरून खाली सगळं चालवतो, मग आउटपुट पाठवतो. खाली असली तर एम० पुढच्या स्कॅनला पडेल, काही मिलिसेकंदांचा फरक. इथे त्याने काही बिघडत नाही. गोंदाचा फवारा ०.१ सेकंद द्यायचा असता तर मी तुला ओळींचा क्रम आणि १ मिलिसेकंदाचा टाइमर, दोन्हीवर बसवलं असतं.

आणि ५ सेकंद कुठून आले? कोणी ठरवले?

रबाळे_नाइटशिफ्ट

साहेब म्हणाले ५, म्हणून ५.

वागळे_पॅनलवाली

मग उद्या दिवसपाळीत पलीकडच्या टोकाला जा आणि तिथे काम करणाऱ्या मावशींना विचार. हूटर वाजला की हातातलं टाकून, सरळ उभं राहून, बेल्टपासून एक पाऊल मागे यायला त्यांना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोज. वाकलेलं असताना मोज. तो आकडा त्यांच्याकडून यायला हवा.

रबाळे_नाइटशिफ्ट

शनिवारी सकाळी नाइट संपल्यावर थांबलो. चार मावशी असतात पलीकडे. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी काहीतरी तक्रार लिहून घ्यायला आलोय. मग सांगितलं काय करायचंय ते. एकेकीला खाली वाकून खोकं उचलायला लावलं आणि मध्येच हूटर दिला. तिघी ४ सेकंदांच्या आत मागे आल्या. ज्यांची ओढणी वाचली होती त्या मावशींचे गुडघे दुखतात, त्यांना एकदा ६ आणि एकदा साडेसहा सेकंद लागले.

पार्टिशनच्या त्या बाजूला हूटरचा आवाजही कमी येतो, ते तिथे उभं राहिल्यावरच कळलं. एक दुसरा हूटर वाय० च्याच रिलेवर समांतर घेऊन तिकडे लावला, सोबत फिरता दिवा.

टी० के८० केलाय. साहेबांना मोजलेले आकडे दाखवले, ते लगेच हो म्हणाले. पिवळा दिवा लागला, एम६ चालतोय. दुपारपर्यंत दोनदा खरं तुंबलं, दोन्ही वेळा थांबला. जेवणानंतर खोकं सेन्सरसमोर होतं, स्टार्ट घेतला.

लॅडरची प्रिंट, टाइमरचे नंबर आणि कशाला किती के दिलाय ते लिहून पॅनलच्या दाराच्या आतून चिकटवलंय, तारीख टाकून. सर गावाहून आले की त्यांना दाखवतो. ताई, वागळेला कधी यायचं झालं तर तुमचं टेस्टिंग बघायला येऊ का?

वागळे_पॅनलवाली

ये. रविवार सोडून कधीही. होल्डिंगची वायर काढून ठेवते.